कोकण सिटेशियन रिसर्च टीम
सिंधुदुर्ग किनाऱ्यावरील डॉल्फिन व पॉरपॉइज यांच्या अभ्यासासाठी ओळखला जाणारा सागरी जीवशास्त्रज्ञांचा गट. मुख्य विषय हिंदी महासागरातील हंपबॅक डॉल्फिन (सूसा प्लंबिया) : उथळ पाण्यातला मासेखाऊ भक्षक, आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत संकटग्रस्त. पाठीवरच्या पराच्या खाचा व ओरखडे छायाचित्रांत टिपून एकेक प्राणी ओळखतात. अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात वाघ पट्ट्यांवरून ओळखतात, तसेच. मच्छीमारांशी बोलणे हा या कामाचा खरा कणा. डॉल्फिन जाळी फाडतो ही त्यांची तक्रार. जाळ्यात गुरफटून तो मरतोही. गटातील केतकी जोग व सहकाऱ्यांनी मच्छीमारांच्या या लोकज्ञानावर २०१८ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. भारतात डॉल्फिनच्या शिकारीला वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे.