जोडमार्गाची दिशा : लिव्हरपूल, लातूर आणि पाणी

दोन ठिकाणांना जोडणारा मार्ग तयार झाला की इतिहासात त्याची लांबी, खर्च आणि उद्घाटनाचा दिवस नोंदला जातो. त्या मार्गाने कोणत्या दिशेला काय गेले आणि त्याच्या बदल्यात काय आले, हे मात्र क्वचितच लिहिले जाते. लातूरच्या रेल्वेचा इतिहास या दुसऱ्या अंगाने वाचावा असे आम्हांला वाटते. २०१६ च्या उन्हाळ्यात याच रेल्वेने लातूरला पाणी आले आणि त्या गाडीचे कौतुक देशभर झाले. पण गाडी ज्या मार्गाने आली तो मुळात कशासाठी बांधला होता, हा प्रश्न त्या कौतुकात मागे पडला.

आधी एक दूरचे उदाहरण पाहू. इंग्लंडमधील लीड्स-लिव्हरपूल कालव्याचे काम १७७० मध्ये सुरू झाले आणि १८१६ मध्ये संपले. हा १२७ मैलांचा कालवा कोळसा आणि कच्चा माल वाहून नेण्यासाठी होता. पुढे जहाजे मोठी झाली, व्यापाराच्या वाटा बदलल्या आणि लिव्हरपूलच्या जुन्या गोद्या ओस पडल्या. २००९ मध्ये याच गोद्यांमधून आणि नदीकाठच्या प्रसिद्ध इमारतींसमोरून, काही ठिकाणी बोगद्यांतून, एक नवा जोडकालवा खुला झाला. आज त्यातून सहलीच्या होड्या जातात. युनेस्कोने २००४ मध्ये या धक्क्यांना दिलेला जागतिक वारशाचा दर्जा परिसरातील नव्या बांधकामांमुळे २०२१ मध्ये काढून घेतला. व्यापार संपल्यावर वारसा उरला आणि वारशाभोवती विरंगुळा उभा राहिला, असा हा क्रम आहे.

लिव्हरपूलची आठवण इथे उगाच काढलेली नाही. हे बंदर कापसाचे होते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिथला कापूस थांबला आणि हिंदुस्थानच्या कापसाला एकाएकी मागणी आली. त्या तेजीनंतर दख्खनच्या काळ्या जमिनीकडे पाहण्याची व्यापाऱ्यांची आणि सरकारची नजरच बदलली. कापूस बंदरापर्यंत लवकर कसा पोहोचेल, या हिशोबाने पुढची कित्येक दशके रस्ते आणि लोहमार्ग आखले गेले.

‘बार्शी लाईट’ ही त्याच हिशोबातून आलेली रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या कंपनीने १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी असा अडीच फूट रुंदीचा मार्ग सुरू केला. तो १९०६ मध्ये एका बाजूला पंढरपूरपर्यंत आणि दुसऱ्या बाजूला तडवळ्यापर्यंत गेला, १९११ मध्ये लातूरला पोहोचला आणि १९२७ मध्ये मिरजेला टेकला. बार्शी मुंबई इलाख्यात होती आणि लातूर निजामाच्या राज्यात. म्हणजे ही अरुंद गाडी दोन राजवटींची सीमा ओलांडून संस्थानातला शेतमाल बाहेर आणत होती. पंढरीच्या वारकऱ्यांनी ती आपलीशी केली, हे तिचे लोकप्रिय रूप. तिचे पोट मात्र मालावर भरत होते. लातूरचा माल मग लिव्हरपूललाच जाई असे नव्हे. तोवर मुंबईच्या गिरण्या आणि जपान हेही मोठे गिऱ्हाईक झाले होते. गिऱ्हाईक बदलले, दिशा बदलली नाही.

लातूरला समुद्र नाही, तरी गोदीचे काम करणारी जागा आहे. गंजगोलाईत मध्यभागी देवीचे मंदिर, भोवती दुकानांचे वर्तुळ आणि तिथे येऊन मिळणारे सोळा रस्ते आहेत. बाजारपेठेच्या या रचनेतच शहराचे चरित्र लिहिलेले आहे. चहूकडून माल यावा, त्याचा सौदा व्हावा आणि तो पुढे रवाना व्हावा. पुढे कुर्डुवाडीला अरुंद रूळ संपून रुंद रूळ लागत, तिथे प्रत्येक पोते एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात चढवावे लागे. बंदरावर जहाजाशी जे होते, ते इथे माळरानावर हमालांच्या पाठीवरून होत होते.

बाहेर जाण्याची सोय अशी झाली. पाण्याचे काय? लातूरचे पाणी मांजरा नदीचे. बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरात उगम पावून ती लातूर आणि बीदरवरून तेलंगणात जाते. याच नदीवर निजाम सरकारने १९२३ ते १९३१ या काळात निजामसागर हे मोठे धरण बांधले, पण ते खाली, आजच्या तेलंगणात. वरच्या अंगाला, जिथे पाऊस कमी आणि भरवसा त्याहून कमी, तिथे धनेगावच्या धरणासाठी आणखी कित्येक दशके जावी लागली. लातूर जगाशी आधी जोडले गेले आणि स्वतःच्या नदीशी फार नंतर. नांदेडची कथाही फार वेगळी नाही. तिथे रेल्वे १९०० च्या सुमारास पोहोचली. गोदावरी अडवणारा विष्णुपुरी प्रकल्प मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्याच जिल्ह्यातील बाभळी बंधाऱ्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालाने बंधारा टिकला, पण १ जुलै ते २८ ऑक्टोबर त्याचे दरवाजे उघडे ठेवण्याचे बंधन आले. पावसाळ्याचे पाणी डोळ्यांसमोरून जाऊ द्यायचे आणि पाऊस सरला की दरवाजे लावायचे, असा तो शिरस्ता.

या पार्श्वभूमीवर २०१६ चा एप्रिल वाचावा लागतो. धनेगावचे धरण आटले होते. पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून लातुरात मार्चमध्ये जमावबंदी लागू झाली होती. ११ एप्रिलला मिरजेहून दहा टाक्यांची गाडी निघाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली. पुढे पन्नास टाक्यांच्या गाड्या येऊ लागल्या. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर हा ३४० किलोमीटरांहून अधिक लांबीचा मार्ग म्हणजे थोड्याफार फरकाने जुनी बार्शी लाईटच. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिचे रूळ रुंद झाले नसते तर ही गाडी धावलीच नसती. ज्या वाटेने शंभर वर्षे कापूस, धान्य, पुढे साखर बाहेर गेली, त्या वाटेने कृष्णेचे पाणी आत आले.

या गाडीला ‘जलदूत’ हे नाव मिळाले. साहित्याच्या विद्यार्थ्याला मेघदूत आठवणे अपरिहार्य आहे. कालिदासाचा मेघ निरोप घेऊन जातो. पाणी हा त्याचा देह आहे, निरोप हे त्याचे काम. आमच्या मते लातूरच्या गाडीनेही एक निरोप आणला होता, पण आपण फक्त पाणी उतरवून घेतले. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८३ हजार. पन्नास टाक्यांचे पाणी धरले २५ लाख लिटर. म्हणजे एका फेरीत माणशी साडेसहा लिटर. तहान भागावी एवढे हे पाणी, शहर चालावे एवढे नव्हे. त्याच खोऱ्यात उसाची शेते आणि साखर कारखाने होते. साखरेच्या प्रत्येक पोत्याबरोबर किती पाणी आधीच रवाना झाले, याचा हिशोब कुठल्याही मालगाडीच्या पावतीवर येत नाही.

महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ मध्ये पूर्ण केला. पावसाचे पाणी शेतात मुरावे म्हणून ताली-बंधारे घालावेत आणि त्या कामी सरकारने लष्करी व पोलिसांचे मनुष्यबळ लावावे, असे त्यांनी त्यात सुचवले होते. बार्शी लाईट सुरू होण्याच्या चौदा वर्षे आधीची ही सूचना. आमच्या विद्यापीठांत हा ग्रंथ समाजप्रबोधनाचा म्हणून शिकवला जातो. तो पाण्याचा ग्रंथ म्हणूनही शिकवायला हवा. वाहून नेण्याची व्यवस्था आणि अडवून मुरवण्याची व्यवस्था या दोहोंपैकी राज्यकर्ते कोणती आधी उभी करतात, हा त्यातला प्रश्न अजून जुना झालेला नाही.

२०१६ च्या पावसाळ्यात धरण भरले आणि पाण्याची गाडी इतिहासजमा झाली. लिव्हरपूलच्या जोडकालव्यातून आज रिकामपणाचे पाणी वाहते, आणि एका समृद्ध शहराला ते परवडते. लातूरच्या जोडमार्गावरून आले ते निकडीचे पाणी होते. दोन्ही वाटा मुळात मालाच्या. पण जिथे माल जात होता तिथे संपत्ती साठली आणि जिथून तो निघत होता तिथे तहान उरली. म्हणून मराठवाड्याचा इतिहास लिहिणाऱ्याने, आणि त्या भूमीचे साहित्य शिकवणाऱ्यानेही, ‘विकास’, ‘दळणवळण’, ‘जोड’ हे शब्द भेटले की दिशा विचारावी. दुष्काळ आभाळातून येतो असे म्हणण्याची आपल्याला सवय आहे. लातूरपुरते बोलायचे तर त्याचा बराचसा भाग रुळांवरून गेलेल्या मालाच्या नोंदींत सापडेल.