कावेरीकाठी आलेले परके सूर

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी तंजावरकडील मराठी मंडळींविषयी चार शब्द लिहावेत, अशी संपादकांची आज्ञा झाली. तंजावर म्हटले की व्यंकोजीराजे, सरस्वती महाल ग्रंथालय आणि बृहदीश्वराच्या भिंतीवरील १८०३ सालचा भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख हे विषय ओघानेच येतात. त्यांवर अधिकारी विद्वानांनी विपुल लिहिले आहे. मी मात्र वाचकांची क्षमा मागून एक वरकरणी पोरकट वाटणारा विषय निवडला आहे. १९५७ ते १९६० या काळात ‘रॉक अँड रोल’ नावाचे अमेरिकी संगीत पापनाशमसारख्या गावातील एका मराठी घरात कसे शिरले, आणि त्या निमित्ताने कोणता इतिहास जागा झाला, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

पापनाशम हे गाव तंजावर आणि कुंभकोणम यांच्या दरम्यान, लोहमार्गावर वसलेले आहे. तिरुनेलवेलीकडे याच नावाचे दुसरे स्थान आहे, ते निराळे. आमचे पापनाशम म्हणजे कावेरीच्या फाट्यांवर भिजणारी भातखाचरे, एकशे आठ शिवलिंगांचे देवालय आणि जवळच तिरुप्पालैत्तुरै येथे नायक राजांच्या काळात उभारलेले विटांचे प्रचंड धान्यकोठार. संगीताच्या जगात हे नाव सर्वतोमुखी झाले ते पापनाशम शिवन (१८९०–१९७३) यांच्यामुळे. त्यांचे मूळ नाव रामय्या. जन्म पोळगम येथला. थोरले बंधू पापनाशमला राहत असल्याने त्यांचा येथे मुक्काम घडला आणि गावाचे नाव त्यांना कायमचे चिकटले. मराठी वाचकांना येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. या भक्त रचनाकाराचा चित्रपटसृष्टीशी संबंध आला तो १९३४ च्या ‘सीता कल्याणम्’ या तामिळ बोलपटापासून, आणि तो बोलपट आपल्या प्रभात फिल्म कंपनीने काढलेला होता.

आमच्या घरात संगीत म्हणजे कीर्तन. संध्याकाळी देवापुढे अभंग, एकादशीला आख्यान आणि वर्षातून एकदा रामनवमीचा उत्सव, अशी रीत होती. पुढे वाचन वाढल्यावर कळले की हे कीर्तनदेखील त्या भूमीत एके काळी पाहुणे म्हणूनच आले होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रामचंद्रबावा मोरगावकर यांच्यासारखे कीर्तनकार महाराष्ट्रातून तंजावरास आले. त्यांची कीर्तने ऐकून तंजावर कृष्ण भागवतर (१८४१–१९०३) यांनी तामिळ हरिकथेला नवे रूप दिले. चिपळ्या आल्या, पूर्वरंग-उत्तररंगाची बांधणी आली. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही वृत्ते आली. आजही तामिळ हरिकथाकार त्या वृत्तांना त्यांच्या मराठी नावांनीच ओळखतात. तामिळ श्रोत्यांनी त्या वेळी ‘हे परप्रांतीयांचे गाणे’ म्हणून कानांवर हात ठेवले असते, तर हरिकथेचा तो वैभवकाळ उगवलाच नसता.

त्याहीपूर्वीची हकिकत अधिक उद्बोधक आहे. दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८–१८३२) यांना श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याकडून पाश्चात्त्य विद्येचे बाळकडू मिळाले होते. त्यांनी दरबारी पाश्चात्त्य वाद्ये आणविली, वाद्यवृंद उभा केला; पाश्चात्त्य स्वरलेखनाची पुस्तके सरस्वती महालात जमा झाली. त्यांच्या दरबारातील वराहप्पय्यर यांनी व्हायोलिन आत्मसात केले. त्याच दरबारात वाढलेल्या तंजावर बंधूंपैकी वडिवेलु यांनी ते वाद्य पुढे त्रावणकोरात स्वाती तिरुनाळांच्या पदरी नेले. तिकडे मद्रासेच्या बाजूस बालुस्वामी दीक्षितरांनी युरोपीय वादकाकडून व्हायोलिनचे धडे घेतले, तर त्यांचे थोरले बंधू मुत्तुस्वामी दीक्षितर यांनी इंग्रजी बँडच्या चालींवर चाळीसच्या आसपास संस्कृत रचना केल्या. इंग्रजांच्या राजगीताच्या चालीलाही त्यांनी देवीस्तुतीचे शब्द दिले. या रचनांना ‘नोट्टुस्वर’ म्हणतात, आणि त्यातील ‘नोट्टु’ हा इंग्रजी ‘नोट’ शब्दाचाच तामिळ अवतार आहे. मांडी घालून, व्हायोलिनचे डोके घोट्यावर टेकवून वाजविणारा कर्नाटक वादक आज पाहिला, तर हे वाद्य परके आहे असे कोणाच्याही मनात येत नाही.

आता मूळ विषयाकडे वळतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ या गायनप्रकारातून, त्यात गोऱ्या ग्रामीण गाण्याची भर पडून, रॉक अँड रोल जन्मास आले. अॅलन फ्रीड या नभोवाणी निवेदकाने १९५१ नंतर ते नाव लोकप्रिय केले. बिल हेली यांची ‘रॉक अराउंड द क्लॉक’ ही ध्वनिमुद्रिका १९५४ ची. १९५५ साली एका चित्रपटात ती वाजली आणि जगभर गाजली. पाठोपाठ १९५६ मध्ये एल्व्हिस प्रेस्लीचा उदय झाला. हे सूर आमच्या भातखाचरांपर्यंत पोहोचले ते मात्र एका विलक्षण योगायोगाने, आणि त्या योगायोगाच्या मुळाशी एक मराठी गृहस्थ होते.

डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे १९५२ पासून दहा वर्षे केंद्राचे माहिती व नभोवाणी मंत्री होते. ते स्वतः शास्त्रीय संगीताचे जाणकार. चित्रपटगीते श्रोत्यांची अभिरुची बिघडवितात, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या कारकीर्दीत आकाशवाणीवरील चित्रपटगीतांवर कडक निर्बंध आले. परिणाम असा झाला की श्रोत्यांनी आपल्या रेडिओचे काटे सिलोनकडे फिरविले. १९५२ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या ‘बिनाका गीतमाले’ने अमीन सायानींचा आवाज घराघरांत नेला. पुढे १९५७ च्या ऑक्टोबरात आकाशवाणीलाही ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. आम्हांला तिरुचिरापल्लीचे केंद्र जवळचे. परंतु समुद्रापलीकडील सिलोन तरी कितीसे दूर? रात्री हवा स्वच्छ असली की लघुलहरींवर कोलंबोचा आवाज खणखणीत येई. हिंदी कार्यक्रमांच्या अलीकडे-पलीकडे इंग्रजी गाणीही कानी पडत. अभिरुचीच्या रक्षणासाठी घातलेल्या बांधामुळेच पाणी दुसऱ्या वाटेने आमच्या अंगणात आले, असे म्हणावयास हरकत नाही.

आमच्या घरचा रेडिओ नळ्यांचा होता. छपरावरून कवठाच्या झाडापर्यंत त्याची एरियलची तार ताणलेली, आणि दरवर्षी पोस्टात जाऊन त्याचा परवाना नवा करून आणावा लागे. १९५७ साली मी अकरा वर्षांचा होतो. त्या पेटीतून एके रात्री ‘ईना मीना डीका’ हे गाणे आले. त्यातील शब्दांना अर्थ नाही हे लक्षात यावयास थोडा वेळ लागला, कारण आम्हां तंजावरी मुलांना हिंदी मुळीच येत नसे आणि अर्थ असलेली हिंदी गाणीही आम्हांला तितकीच अगम्य होती. किंबहुना तेच एक गाणे असे होते की जे मुंबईच्या मुलाला जितके कळे, तितकेच पापनाशमच्या मुलालाही कळे!

ते गाणे ‘आशा’ (१९५७) या चित्रपटातील. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर (१९१८–१९८२). गाणारे बंगाली किशोरकुमार, आणि दुसऱ्या आवृत्तीत आपल्या आशा भोसले. दिग्दर्शक एम. व्ही. रामन आणि नायिका वैजयंतीमाला, दोघेही तामिळ. वाद्यवृंदात गोव्याचे वादक. गाण्यातील एक शब्दजोडी तर ‘मला नको’ अशा अर्थाची कोकणीच आहे. अमेरिकेचा ठेका, मराठी चाल, गोव्याची वाद्ये आणि तामिळ दिग्दर्शन असा तो मेळ होता. दोन वर्षांनी याच कथेवर ‘अतिशय पेण्’ हा तामिळ चित्रपट निघाला.

चितळकरांचा दक्षिणेशी संबंध मात्र त्याहून जुना आहे. हार्मोनियमवादक म्हणून धडपडणाऱ्या या तरुणाला स्वतंत्र संगीतकार म्हणून पहिली संधी मिळाली ती तामिळ चित्रपटांतच. पुढे जेमिनीच्या ‘वंजिक्कोट्टै वालिबन्’ (१९५८) या तामिळ चित्रपटाचे संगीतही त्यांचेच. त्यातील पद्मिनी आणि वैजयंतीमाला यांच्या नृत्याच्या जुगलबंदीची आठवण तामिळनाडूत अद्याप काढली जाते. परंतु तिची चाल एका मराठी माणसाची आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते. ‘शहनाई’ (१९४७) आणि ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटांत त्यांनी गिटार, ट्रम्पेट, बोंगो यांचा जो उपयोग केला, त्याने रॉक अँड रोलच्या आगमनापूर्वीच त्याची वाट सारवून ठेवली होती.

उन्हाळ्यात गावाबाहेर तंबूतला सिनेमा लागे. वाळूवर बसून पाहावयाचा. खेळ सुरू होण्यापूर्वी कर्ण्यावरून आधी देवाचे गाणे, मग चालू चित्रपटांतील गाणी वाजत. ‘मरगदम्’ (१९५९) या चित्रपटातील चंद्रबाबूंना आम्ही तेथेच पाहिले. तुतुकुडीत जन्मलेला, सिलोनमध्ये वाढलेला हा नट पाश्चात्त्य ढंगाने नाचे आणि गाताना आवाजाला मध्येच उंच कलाटणी देई. दुसऱ्या दिवशी देवळाच्या तळ्याकाठी आम्ही मुले तेच करीत असू.

घरात यावरून वादळ होणे अपरिहार्य होते. आजोबा कीर्तनाचे कडवे अभिमानी. त्यांच्या मते हा सारा धांगडधिंगा होता, आणि एके बुधवारी त्यांनी रेडिओ कुलूपबंद कपाटात ठेवावयास सांगितले. त्यांचे भय खोटे नव्हते. तंजावरी मराठी घरे विरळ होत चालली होती. मुले शाळेत तामिळ आणि इंग्रजी शिकत. मराठी उरली होती ती देवघरात आणि स्वयंपाकघरात. अभंग गेला की भाषा गेली, असा त्यांचा हिशेब होता.

त्या वेळी माझी अक्का व्हायोलिन शिकत असे. तिने वाद्य मांडीवर घेतले आणि शांतपणे विचारले, “आजोबा, हे वाद्य कोठले?” आजोबा बराच वेळ बोलले नाहीत. मग सरफोजी महाराजांच्या बँडची हकिकत त्यांनीच आम्हांला सांगितली. मी ती प्रथम त्यांच्याच तोंडून ऐकली. शेवटी निर्णय असा झाला : “आधी अभंग म्हणा, मग रेडिओ लावा. पण अभंगाचा अर्थ मला सांगितल्याखेरीज नाही.” त्या एका अटीमुळे आम्ही भावंडे मराठी वाचावयास शिकलो. सिलोनच्या गाण्यासाठी तुकोबांचा अर्थ पाठ करणारी मुले अन्यत्र कोठे झाली असतील असे वाटत नाही.

आज मागे वळून पाहता वाटते की केसकर आणि चितळकर ही आपल्याच समाजाची दोन रूपे होत. एकाने शास्त्रीय गायक-वादकांना नभोवाणीवर मानाचे स्थान दिले, त्याबद्दल देश त्यांचा ऋणी आहे. दुसऱ्याने दार उघडे ठेवले. राखणे आणि स्वीकारणे ही दोन्ही कामे समाजाला करावीच लागतात. मात्र काय राखावयाचे याची निवड चुकता कामा नये. तंजावरची मराठी क्षीण झाली ती परक्या सुरांमुळे नव्हे. १८५५ साली राजे निवर्तले, राज्य संपले, राजाश्रय आटला. मराठी शाळा नाहीत, आणि मोडी वाचणारे दुर्मीळ झाल्याने सरस्वती महालातील दप्तरे वाचकांची वाट पाहत राहिली. व्हायोलिनने यातले काहीही नेले नाही, रॉक अँड रोलनेही नाही.

हे सारे आज सांगण्याचे प्रयोजन आहे. गणेशोत्सवात तरुणांनी गिटार आणि ड्रम वाजवावेत की नाही, हा प्रश्न परप्रांतातील मराठी मंडळांच्या बैठकांत वारंवार निघतो. माझे मत विचाराल, तर वाजवू द्यावे. वाद्य कोणतेही असो. त्यावर चढणारे शब्द मराठी असावेत आणि ते म्हणणाऱ्याला त्यांचा अर्थ सांगता यावा, एवढीच आजोबांची अट आपण कायम ठेवू. हीरकमहोत्सवी स्मरणिकेत यातील एखाद्या मुलाने मराठीतून लेख लिहिला, तर या मंडळाच्या पन्नास वर्षांच्या खटाटोपाचे सार्थक झाले असे समजावे.