मोडींतून दिवाणखान्यांत

‘मोडींत काढणें’ हा शब्दप्रयोग आज माणसांना, मतांना आणि संस्थांनाहि सर्रास लावला जातो; परंतु त्याचें मूळ घर भांड्यांच्या दुकानांत आहे. फुटकें भांडें दुकानीं न्यावें, तें तराजूंत टाकावें, मोडीचा भाव वजा घालावा आणि वर भर घालून नवें भांडें घरीं आणावें, अशी जुनी रीत होती. भांडें मोडलें तरी धातु मोडत नसे. म्हणून तांब्यापितळेचीं भांडीं ही संसाराची एक शिल्लकच समजली जाई. अडचणीच्या वेळीं तीं गहाणहि पडत.

नागपूरकरांना ही गोष्ट नवी नाहीं. नागपूरच्या पूर्वेस सुमारें ६० किलोमीटरांवर असलेलें भंडारा हें गांव पितळी भांड्यांसाठींच नांवाजलेलें. ‘भाणें’ म्हणजे पितळेचें भांडें, त्यावरून भंडारा, अशी व्युत्पत्ति इंग्रजी अमदानींतील गॅझेटियरांत नोंदलेली आहे. रसेल व रायबहादुर हिरालाल यांनीं मध्यप्रांतांतील जातिजमातींवर १९१६ सालीं जो चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत कासार आणि तमेरा या भांडीं घडविणाऱ्या व विकणाऱ्या जातींना स्वतंत्र प्रकरणें दिलेलीं आहेत. पाण्याचा गुंड, वरणाचा गंज, घागर, परात, घंगाळ यांवांचून या भागांतलें घर उभें राहत नसे.

मग हीं भांडीं गेलीं कशीं? त्यांना पहिली अडचण कलईची. ताक, चिंच किंवा आमसूल घातलेलें अन्न कलई नसलेल्या पितळेच्या भांड्यांत कळकतें. म्हणून भांडें तापवून, नवसागर टाकून, कथलाचा पातळ हात आंतून फिरवावा लागे, आणि कांहीं महिन्यांनीं पुन्हां तोच खर्च. अशांत आल्फ्रेड चॅटर्टन यांनीं १८९८ सालीं मद्रासच्या कलाशाळेंत ॲल्युमिनियमचीं भांडीं करविण्यास आरंभ केला. हलकीं आणि स्वस्त अशीं हीं ‘जर्मनचीं भांडीं’ घरोघर शिरलीं. पुढें इंग्लंडांतील शेफील्ड येथें १९१३ सालीं हॅरी ब्रेअर्ली यांनीं न गंजणारें पोलाद तयार केलें. स्वातंत्र्यानंतर त्याचीं भांडीं आपल्याकडे आलीं आणि पितळ माळ्यावर चढलें. माळ्यावरून तें मोडींत गेलें.

मोडींत जाणारी वस्तु पाहण्याजोगीहि असते, हें महाराष्ट्राला सर्वांत ठळकपणें पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांनीं दाखविलें. ‘अज्ञातवासी’ या नांवानें कविता लिहिणाऱ्या या गृहस्थानें १९२० च्या सुमारास संग्रह सुरू केला. दिवे, अडकित्ते, विळ्या, स्वयंपाकाचीं भांडीं, जें जें लोक अडगळ समजत तें तें त्यांनीं गांवोगांव हिंडून जमविलें. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. अकालीं निवर्तलेल्या राजा या मुलाचें नांव त्यांनीं संग्रहालयास दिलें आणि सुमारें २०,००० वस्तूंचा तो ठेवा १९७५ सालीं महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला.

आज नागपुरांतहि कोणी जुन्या घंगाळांत फुलें तरंगत ठेवतो, कोणी गुंडाचा दिवा करतो, कोणी परातीला पाय जोडून मेज बनवितो. ही हौस वाईट नव्हे. भांडें भट्टींत वितळण्यापेक्षां दिवाणखान्यांत गेलेलें बरें. मात्र तार ओवण्यासाठीं बुडाला भोंक पाडलें कीं भांडें पुन्हां भांडें राहत नाहीं. आणि झळाळीसाठीं यंत्रावर घासलें कीं तांबटाच्या हातोडीच्या खुणा झिजून जातात. रोप लावायचेंच तर तें मातीच्या कुंडींत लावून कुंडी भांड्यांत ठेवावी. स्वच्छतेला चिंच आणि राख पुरे.

आणखी एक गोष्ट जपावी. जुन्या भांड्यांच्या कांठावर नांव घातलेलें असतें. पुष्कळदां तें नव्या सुनेचें किंवा माहेरवाशिणीचें असतें. जमिनीच्या खतांत, घराच्या कागदांत जिचें नांव कधीं आलें नाहीं, अशा कित्येक स्त्रियांचें नांव कोठें कोरलेलें राहिलें असेल तर तें या पितळेवर. भांड्याचें काम बदललें तरी तें नांव पुसूं नये.