कोकणातल्या गावांची यहुदी आडनावं

'दिवेकर' हे आडनाव ऐकलं की बहुतेकांना कोकणातलं एखादं हिंदू कुटुंब आठवतं. पण मुंबईतलं पहिलं सिनेगॉग ज्यांनी उभारलं, ते सॅम्युएल इझिकेलही दिवेकरच होते. आज या आडनावांविषयी बोलू.

बेने इस्रायल हा मराठी बोलणारा यहुदी समाज. पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटलं आणि वाचलेली माणसं कोकणातच राहिली, असं हा समाज परंपरेनं सांगतो. गावोगाव पांगून ते तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत.

त्यांची नावं धर्मग्रंथातली, पण ती मराठी वळणावर गेली. सॅम्युएलचा सामाजी झाला, इझिकेलचा हसाजी. आडनाव मात्र गावानं दिलं. किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, राजपूरचे राजपूरकर, दिव्याचे दिवेकर. अशी 'कर' लावलेली आडनावं या समाजात शंभरावर आहेत. काहींनी 'कर' लावलाच नाही. अलिबागजवळच्या झिराड गावावरून 'झिराड' हेच आडनाव झालं. प्रसिद्ध स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. जेरुशा झिराड यांचा जन्म 1890 साली कर्नाटकातल्या शिमोग्याचा. 1966 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. माणसं दूर गेली, पण गाव नावात सोबत राहिलं.

आता पुन्हा दिवेकरांकडे येऊ. ते इंग्रजांच्या फौजेत होते. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटल्यावर नवस फेडायला त्यांनी 1796 मध्ये सिनेगॉग बांधलं, असं सांगतात. बेने इस्रायल सिनेगॉगला 'मशीद' म्हणत. मुंबईचं मस्जिद स्टेशन याच मशिदीवरून ओळखलं जातं, असं मानतात.

1948 नंतर यातले बहुतेक लोक इस्रायलला गेले. तिथं 1962 मध्ये धर्मगुरूंनी फर्मान काढलं, की बेने इस्रायलांचं इतर यहुद्यांशी लग्न लावण्याआधी त्यांची वंशावळ तपासावी. किती पिढ्यांचे कागद आणणार? आडनाव गाव सांगत होतं, पण धर्माचा पुरावा म्हणून ते कुणाला पुरेना. लोक रस्त्यावर उतरले. अखेर 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेनं ते सर्वार्थानं यहुदी असल्याचं मान्य केलं.

मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. आपण आडनाव ऐकलं की लगेच जात-धर्माचा अंदाज बांधतो. पेणकर असो, दांडेकर असो, ही आडनावं हिंदूंचीही आहेत आणि यहुद्यांचीही. 'कर' एवढंच सांगतो, की हा माणूस अमुक गावचा. गावानं आपलं नाव देताना कोण कुठली प्रार्थना करतो, हे विचारलं नव्हतं. आज त्यातल्या कित्येक गावांत एकही यहुदी घर उरलेलं नाही, पण त्या गावांची नावं इस्रायलमध्ये घरोघरी आहेत.