दोन तोंडांची नळी

आमच्या चारठाण्याला आपल्या जुन्या देवळांचा भारी अभिमान. पाहुण्याला देवळे आणि बारव दाखवल्यावाचून चहा मिळत नाही. दोन वर्षांपूर्वी भाऊबीजेला आलेल्या अक्काला मात्र मी काहीच दाखवू शकलो नाही. ती अंथरुणावर होती. किरणोपचारांनी तिचा कर्करोग हटला, पण मूत्रपिंडातून मूत्राशयात उतरणारी एक वाहिनी आकसली. वाहिनी ती केवढी? वीतभराहून थोडी लांब आणि पेन्सिलीहूनही बारीक!

"म्हणजे झालं काय रे?"

"अक्का, बांधाखालची मोरी बुजली की वावर चिबडतं ना? तसं मूत्र मागं तुंबतं. फार दिवस तुंबलं की मूत्रपिंड निकामी होतं."

"मग घाला की मोरीत नळी!"

चौथी शिकलेल्या अक्काची ही युक्ती फार जुनी आहे. मूत्राचे बाहेरचे तोंड आकसले, तर दोन्ही बाजूंनी उघडी अशी लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची नळी तूप लावून आत सारावी आणि दर तीन दिवसांनी अधिक जाड नळी घालावी, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. पण ती जागा हाताला लागणारी. मूत्रवाहिनी पडली खोल आत. तिथे चाकूवाचून पोचायचे कसे? १८७९ साली माक्स निट्झे या जर्मन वैद्याने मूत्राशयात डोकावण्याची दुर्बीण व्हिएन्नात दाखवली आणि वाट दिसू लागली.

१९६७ साली झिम्सकिंड या अमेरिकन शल्यविशारदाने अशाच दुर्बिणीतून सिलिकोनची नळी वाहिनीत बसवल्याचे प्रसिद्ध केले. पण नळी घालणे निराळे आणि ती जागेवर राहणे निराळे. ती घसरे. १९७८ साली फिनी यांनी तिच्या दोन्ही टोकांना आकडे दिले, एक मूत्रपिंडात अडकणारा, दुसरा मूत्राशयात. किती साधी गोष्ट! आजही जगभर तीच नळी चालते.

तिला म्हणतात स्टेंट. हे नाव मात्र चार्ल्स स्टेंट या इंग्रज दंतवैद्याचे. एकोणिसाव्या शतकात त्याने दातांचे ठसे घेण्यासाठी एक लगदा बनवला. पहिल्या महायुद्धात एसर या डच शल्यविशारदाने तो कातडीचे कलम जागेवर धरून ठेवायला वापरला, आणि नाव हळूहळू सरकत नळीवर येऊन बसले. बिचाऱ्या दंतवैद्याच्या हे स्वप्नातही नसेल.

अक्काची पहिली नळी अशीच, प्लास्टिकची. तिच्यावर क्षारांची पुटे चढतात, म्हणून दर तीन-चार महिन्यांनी बदलायची. छत्रपती संभाजीनगरची प्रत्येक खेप म्हणजे भूल, उपास आणि माझी बिनपगारी रजा. शिवाय बाहेरून गाठीचा दाब आला, तर प्लास्टिक चेपते.

म्हणून पुन्हा धातू! निकेल, कोबाल्ट, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम यांच्या मिश्रधातूची तार घट्ट वळून एक नळी करतात. ती दाबाला दाद देत नाही. दुसरी असते निकेल-टायटॅनियमची. या मिश्रधातूवर विल्यम ब्यूलर यांनी १९५९च्या सुमारास अमेरिकन आरमाराच्या शस्त्रप्रयोगशाळेत काम सुरू केले, ते क्षेपणास्त्रांसाठी! गरम पाणी सोडले की या नळीचे टोक फुलून जागा धरते, थंड पाण्याने मऊ पडते आणि मग ती काढता येते.

धातूवरही पुटे चढतात, तोही कधी घसरतो, आणि किंमत ऐकून मी खुर्ची धरली होती. पण साधारण वर्षभर निभावते. मागच्या कार्तिकात अक्काला तारेची नळी बसली.

"वर्षातून एकदाच बदलायची? मग भाऊबीजेलाच घालत जा," ती म्हणाली.

यंदा ती आली, तेव्हा चहाच्या आधी आम्ही बारवेवर जाऊन आलो. तिच्या पायऱ्या चढताना दम मला लागला.