गोलंदाजाची पारख

कोवळ्या वयाच्या गोलंदाजाची परीक्षा करणें हें क्रिकेटमधील मोठें अवघड काम होय. फलंदाजाच्या धांवा फलकावर लागतात. गोलंदाजाचे गुण डोळे उघडे ठेवून शोधावे लागतात. चेंडू पुनःपुन्हां त्याच टप्प्यावर पडतो कीं नाहीं, फलंदाजास न कळतां वेग कमीजास्त होतो कीं नाहीं, भर उन्हांत तासन्‌तास श्रम केल्यावरही मनगट थकत नाहीं ना, आणि चेंडू टोलविला गेला असतां डोकें शांत राहतें कीं नाहीं, इतक्या गोष्टी जाणत्या परीक्षकास पाहाव्या लागतात. परंतु परीक्षकाच्या डोळ्यांवरच झांपड असेल तर? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुणें शहरांत हा प्रश्न एका तरुणाच्या निमित्तानें उभा राहिला.

बाबाजी पालवणकर बाळू यांचा जन्म १८७६ सालीं धारवाड येथें एका चर्मकार कुटुंबांत झाला. वडील लष्करी खात्याच्या नोकरींत असल्यामुळें त्यांचें बाळपण पुण्याच्या छावणीच्या आसमंतांत गेलें. गोऱ्या अधिकाऱ्यांनीं टाकून दिलेलें सामान घेऊन बाळू व त्यांचे धाकटे बंधु शिवराम हे क्रिकेट खेळूं लागले. पुढें पुण्यांतील एका पारशी क्लबांत दरमहा ३ रुपयांवर बाळूंस काम मिळालें. खेळपट्टी झाडावी, रूळ फिरवावा आणि सभासदांच्या सरावासाठीं अधूनमधून चेंडू टाकावे, असें त्या कामाचें स्वरूप होतें. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना जिमखान्यांत दरमहा ४ रुपयांवर गेले. जाळीं उभारणें, खेळपट्टी तयार करणें, टेनिसच्या मैदानावर पांढऱ्या रेघा ओढणें हीं तेथील त्यांचीं कामें. गोलंदाजी ही त्या चाकरीचाच एक भाग होती.

याच ठिकाणीं त्यांस पहिला खरा परीक्षक भेटला. जे. जी. ग्रेग हे त्या काळीं हिंदुस्थानांतील गोऱ्या मंडळींत नामांकित फलंदाज होते. पुढें इंग्लंडांत हँपशायर परगण्याकडूनही ते खेळले. इतर सभासद येण्यापूर्वीं तासभर आधीं मैदानावर येऊन ते बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. आपणांस बाद केलें कीं दर वेळीं बाळूंस ८ आणे द्यावयाचे, असा त्यांचा परिपाठ होता, अशी आख्यायिका आहे. आठवड्यांतून एकदां जरी साहेब बाद झाले, तरी महिन्याकांठीं २ रुपये, म्हणजे निम्मा पगार, बाळूंच्या पदरीं पडे. ग्रेग यांस दया दाखवावयाची नव्हती. त्यांस स्वतःची फलंदाजी सुधारावयाची होती, आणि म्हणूनच उत्तम चेंडू कोणाचा हें त्यांस अचूक कळलें. तथापि या गुणग्राहकतेसही मर्यादा होती. इतक्या वर्षांत बाळूंच्या हातीं बॅट कोणीं एकदांही दिली नाहीं. चेंडू टाकणें ही चाकरी आणि तो टोलविणें हा साहेबांचा शौक, अशी ती वांटणी होती.

परंतु त्या चाकरींतूनच बाळूंचा डावा हात तयार झाला. दररोज निष्णात फलंदाजांस चेंडू टाकतां टाकतां टप्प्यावर त्यांचें प्रभुत्व बसलें. त्यांची धांव थोडक्या पावलांची, हालचाल सहज, आणि चेंडू दोन्ही बाजूंस वळविण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती.

लवकरच पुण्याच्या हिंदु खेळाडूंनीं युरोपियनांशीं सामना खेळण्याचें मनावर घेतलें, आणि बाळूंस संघांत घ्यावें कीं नाहीं यावर वाद माजला. तेलुगु सभासद अनुकूल होते. ब्राह्मण सभासदांपैकीं कांहीं प्रतिकूल होते. असा गोलंदाज वगळणें हा निव्वळ मूर्खपणा ठरेल, असें ग्रेग यांनींही जाहीरपणें बजाविलें, असें सांगतात. अखेर जिंकण्याची इच्छा प्रबळ ठरली. बाळू संघांत आले, पण पंक्तींत आले नाहींत. मैदानावर त्यांच्या हातून सुटलेला चेंडू सर्वांनीं निःशंक हाताळावा, आणि चहाच्या वेळीं त्याच हातांत मंडपाबाहेर मातीचें भांडें द्यावें, असा हा व्यवहार होता. चेंडूचा विटाळ होत नसे, पेल्याचा होई!

पुढें बाळू मुंबईस गेले. तेथील हिंदु जिमखान्यांतही त्यांच्या प्रवेशावर खल झाला. परंतु कालांतरानें तेथें पंक्तिभेद पुष्कळ सैल पडला. १९०६ सालीं मुंबईस हिंदु आणि युरोपियन यांच्यामध्यें जो प्रसिद्ध सामना झाला, त्यांत हिंदूंनीं २४२ व १६० धांवा केल्या, आणि युरोपियनांस १९१ व १०२ धांवांत गुंडाळून १०९ धांवांनीं विजय मिळविला. त्या संघांत बाळू आणि शिवराम हे दोघेही बंधु होते.

१९११ सालीं पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखालीं हिंदी संघ इंग्लंडास गेला. २३ सामन्यांपैकीं त्यास अवघे ६ जिंकतां आले. परंतु पस्तिशींतील बाळूंनीं, खांदा दुखत असतांही, त्या दौऱ्यांत ११४ बळी घेतले, आणि प्रत्येक बळीमागें १९ हूनही कमी धांवा दिल्या. ग्रेग यांनीं जाळ्यांत जें पाहिलें होतें, तें आतां इंग्लंडांतील फलंदाजांनीं अनुभविलें.

इतकें झाल्यावर नेतृत्व त्यांच्याकडे चालत यावयास हवें होतें. तें आलें नाहीं. १९१३ सालीं हिंदु संघाचे कर्णधार झालेले पै यांनींच हा मान वस्तुतः बाळूंचा होता असें जाहीर सभेंत सांगितलें. १९२० सालीं तर बाळूंस संघांतूनच वगळण्यांत आलें, तेव्हां त्यांचे बंधु शिवराम व विठ्ठल यांनीं खेळण्याचें नाकारलें. शेवटच्या सामन्यास बाळूंस उपकर्णधार म्हणून बोलवावें लागलें, आणि पै मैदानाबाहेर गेले असतां संघ त्यांनीं चालविला. पुढें १९२३ सालीं विठ्ठल हे हिंदु संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या संघानें युरोपियनांस नमविलें. वडील बंधूनें जो दरवाजा ठोठावला, तो धाकट्यास उघडला.

प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत बाळूंनीं १७९ बळी घेतले. हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना १९३२ सालीं झाला, तेव्हां त्यांचें वय ५६ वर्षांचें होतें. १९५५ सालीं मुंबईस त्यांचें देहावसान झालें. पुण्याच्या त्या मैदानावर सोळासतरा वर्षांच्या पोराचें मोल ठरविणारीं दोन मापें होतीं. एकानें त्याचा चेंडू पाहिला, दुसऱ्यानें त्याची जात पाहिली. पहिलें माप ८ आण्यांचें होतें, पण खरें होतें. दुसरें खोटें ठरावयास तीस वर्षें लागलीं, आणि तोंवर एका थोर गोलंदाजाच्या उमेदीचा काळ सरून गेला.