गायरानाची राखण

आमच्या गावच्या शाळेमागं चार पडक्या भिंती आहेत. छप्पर त्यांना कधीच नव्हतं. आता आत वेड्या बाभळी माजल्यात. साठीच्या पुढचा कुणीही सांगेल, हा कोंडवाडा. दुसऱ्याच्या रानात शिरलेलं जनावर इथं कोंडायचे आणि मालकानं दंड भरून ते सोडवायचं. माझ्या लहानपणीची एक आठवण इथलीच आहे. आमची तांबडी गाय आत हंबरत होती आणि आई पदराची गाठ सोडून दारात पैसे मोजत उभी होती.

कोंडवाडा सरकारी. गावाची स्वतःची राखण त्याहून जुनी. गावाला गायरान होतं आणि गायरानाला गुराखी. आमच्या गुराख्याला सगळे नाना म्हणत. सुगीला दर गुरामागं ठरलेलं धान्य आणि रोज पाळीनं एकेका घरची भाकरी, हा त्याचा पगार. सकाळी वेशीत गुरं गोळा झाली की तो नुसती नजर फिरवायचा आणि कोणाचं जनावर आलं नाही ते सांगायचा.

पहिला पाऊस पडला, माळ हिरवा दिसायला लागला की सगळ्यांना घाई सुटायची. नाना आडवा व्हायचा. "आरं, गवताला मूळ तर धरू द्या! आत्ता वरबाडलं तर पोळ्यानंतर काय खातील?" तोवर गुरं ओढ्याकाठी आणि बांधाबांधानं फिरायची. मग माळाची एक बाजू खुली व्हायची, दुसरी राखलेली असायची. राखलेल्या बाजूचं बी झडल्याशिवाय तिकडं जनावर जायचं नाही. पवना, मारवेल दाट असलं की नाना खूश. तेच विरळ होऊन कुसळी वाढली की म्हणायचा, "माळ दमलाय." कुसळीचं टोकदार बी जनावराच्या तोंडात आणि कातड्यात रुततं, म्हणून ती पिकली की गुरं तिला तोंड लावत नाहीत. चांगलं गवत खाऊन संपतं आणि कुसळी मागं उरते. नानाची मोजदाद ही अशी होती. वही नव्हती, पण माळावर काय चाललंय ते गावाला रोज कळत होतं.

दिवाळी झाली की ढवळपुरीकडचे धनगर मेंढरं घेऊन कोकणाची वाट धरायचे आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतायचे. वाटेत कुणाच्या रानात मेंढरं बसवली की रानाला लेंडीखत आणि धनगराला धान्य. माळावर त्यांचा मुक्काम किती रात्री, हेही बोलून ठरायचं.

या व्यवस्थेवर इंग्रजी कायद्याचा घाव आधीच बसलेला होता. 1871 साली गुरांच्या शिरकावाचा कायदा आला आणि कोंडवाडे, दंड, लिलाव कायद्यात बसले. 1878 च्या जंगल कायद्यानं डोंगर राखीव केले आणि पिढ्यान्‌पिढ्यांची चराई सरकारच्या मर्जीवर गेली. जोतीराव फुल्यांनी 1883 सालच्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगल खात्यानं डोंगर आणि गायरानं गिळल्याची तक्रार केली आहे. गावाच्या हातात जे गायरान उरलं, त्यावर सगळा भार आला.

तरीही आमचा माळ 1972 च्या दुष्काळापर्यंत टिकला. त्या वर्षी वैरण संपली. लोकांनी झाडांचा पाला ओरबाडला, मग फांद्या तोडल्या आणि शेवटी बैल मिळेल त्या भावात विकले. नाना खडी फोडायच्या कामावर गेला, तो पुन्हा गुरांमागं आला नाही. पाऊस परतला, पण गुराखी ठेवायची रीत परतली नाही. ज्याची गुरं त्यानं सोडावीत, असं झालं. माळ सगळ्यांचा राहिला आणि राखणदार कुणीच उरला नाही. विसेक वर्षांत नुसतं मुरमाड उघडं पडलं.

आमच्याच नगर जिल्ह्यात तोवर राळेगणसिद्धीनं वाट दाखवली होती. 1989 साली पोपटराव पवार हिवरे बाजारचे सरपंच झाले आणि तिथंही चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान सुरू झालं. आमची माणसं ते बघून आली. ग्रामसभा भरली. चराईबंदीच्या ठरावाला माझ्या वडिलांनी पहिला हात वर केला. तिसऱ्या पावसाळ्यात गवत गुडघ्याला लागलं. कापून न्यायचं, गोठ्यात घालायचं. दूध वाढलं, विहिरींना पाणी टिकलं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यात खोट नाही.

पण त्याच ठरावाच्या आठवड्यात आमच्या शेजारच्या मावशीनं चारही शेळ्या बाजारात नेल्या. तिला जमीन नव्हती. वडील म्हणाले, "गवत कापून घाला की." ती म्हणाली, "दादा, शेळी व्हय ती. तिला पाला लागतो, फिराय लागतं. आन्‌ मी मजुरीला जाऊ का भारा आणू?" वडिलांना उत्तर सुचलं नाही. धनगरांचा मुक्कामही त्या सालापासून बंद झाला. नव्या राखणीची किंमत ज्यांनी मोजली, त्यांना सभेत कुणी विचारलंच नव्हतं.

आता गवत उरतं. कापायला माणूस मिळत नाही, उन्हाळ्यात वाळून वणवा लागतो. म्हणून यंदाच्या ग्रामसभेसाठी मी अर्ज लिहिलाय. ओढ्याकडची बाजू बी झडल्यावर खुली करावी, शेळ्या-मेंढरांची संख्या ठरवावी, भूमिहीनांची पाळी आधी लावावी, धनगरांशी बोलावं आणि गावानं पगारी राखणदार नेमावा. यात नवं काही नाही. नाना हेच करत होता.

वडिलांचं वय आता ऐंशीच्या पुढं आहे. अर्ज त्यांनी दोनदा वाचून घेतला. मग विचारलं, "मावशीच्या लेकाला सभेचं सांगितलंस का?" सांगितलं म्हटल्यावर त्यांनी चष्मा मागितला आणि पहिली सही केली.